काळं म्हणजे नेमकं किती काळं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

१५ सप्टेंबर १९६८. वार रविवार. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या त्या दिवशीच्या अंकात एका नटीचा लेख छापून आला. नटीचं नाव एलेन हॉली, वय ३७. लेखाच्या मथळ्यातच तिनं एक प्रश्न विचारला होता. माणसाला किती काळं असावं लागतं?

प्रश्न वाचून कुणी म्हणेल, हे काय विचारणं झालं? पण एलेनच्या पोटापाण्याचाच तो प्रश्न होता. ती कृष्णवर्णीय घरातली. कायद्यानं, समाजानं आणि तिच्या स्वतःच्या मनानं ती कृष्णवर्णीयच होती. रंग मात्र उजळ. कृष्णवर्णीय स्त्रीची भूमिका मागायला गेली, की ऐकू यायचं, 'तुम्ही तशा दिसत नाही, प्रेक्षकांचा गोंधळ होईल.' गोऱ्या स्त्रीच्या भूमिकेसाठी तर तिचा विचारच व्हायचा नाही. कारण ती कृष्णवर्णीय! एका दारावर 'कमी काळी' म्हणून नकार, दुसऱ्या दारावर 'काळी' म्हणून नकार. मधल्या अंगणात उभं राहून तिनं हा प्रश्न विचारला होता.

त्या लेखानं तिचं आयुष्य बदललं. लेख वाचून एका लेखिकेनं तिला बोलावणं धाडलं आणि थोड्याच दिवसांत ती अमेरिकेच्या घराघरांत पोचली. दुपारी लागणाऱ्या टीव्ही मालिकेत प्रमुख भूमिका करणारी पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री म्हणून तिचं नाव आज घेतलं जातं. मालिकेतल्या नटीवर एवढं काय बोलायचं, असं तुमच्या मनात आलं असेल, तर थोडं थांबा. रोजच्या मालिकेनं जे करून दाखवलं, ते भल्याभल्या भाषणांना जमलेलं नाही.

आधी तिच्या घराविषयी. एलेनचा जन्म १६ जानेवारी १९३१चा, न्यूयॉर्क शहरातला. वडील केमिकल इंजिनिअर. घर शिकलेलं, पुस्तकांत रमणारं. तिनं हंटर कॉलेजातून पदवी घेतली आणि रंगभूमीची वाट धरली. १९५६ साली ती ब्रॉडवेवर पहिल्यांदा उभी राहिली. नाटक होतं दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावर, ॲलन पेटन यांच्या कादंबरीवरून केलेलं. पुढे जोसेफ पॅप या निर्मात्यानं न्यूयॉर्कच्या बागांमधून सामान्य माणसांसाठी शेक्सपिअरचे फुकट प्रयोग सुरू केले, त्यांतही तिनं भूमिका केल्या. म्हणजे टीव्हीवर आली तेव्हा ती नवशिकी नव्हती. बारा वर्षं रंगभूमीवर घासलेली नटी होती. अभिनय येतो का, हा प्रश्न तिला कुणी विचारतच नव्हतं. विचारायचे ते रंगाचंच.

हा रंगाचा हिशेब अमेरिकेत कसा मांडला जायचा, ते थोडक्यात सांगतो. पूर्वजांत कुणी एक जरी आफ्रिकी वंशाचा निघाला, तरी तो माणूस कृष्णवर्णीय, असा तिथला दंडक होता. 'एक थेंब' या नावानं तो ओळखला जातो. रक्ताचा एक थेंब पुरे. व्हर्जिनिया राज्यानं १९२४ साली हा दंडक कायद्यातच घातला आणि गोऱ्या-काळ्यांच्या लग्नांवरची बंदी आणखी कडक केली. ही बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली, ती थेट १२ जून १९६७ रोजी. तोवर १६ राज्यांत असं लग्न हा गुन्हा होता. १९६७ म्हणजे काही पुराणकाळ नव्हे. आपल्यापैकी अनेकजण तेव्हा पाटी घेऊन शाळेत जात होते.

अशा देशात उजळ रंगाच्या माणसापुढे एक चोरवाट असायची. गाव सोडायचं, नाव बदलायचं, आईबापांना विसरायचं आणि गोऱ्यांत मिसळून जायचं. काहीजण गेलेही त्या वाटेनं. त्यांना नोकरी मिळाली, चांगल्या वस्तीत घर मिळालं. पण आईच्या मयताला जाण्याची सोय उरली नाही. केवढा महाग सौदा!

हॉलिवूडनं या सौद्यावर सिनेमे काढले. 'इमिटेशन ऑफ लाइफ' १९३४ साली आला. त्यात आईला नाकारणाऱ्या मुलीची भूमिका फ्रेडी वॉशिंग्टन या खरोखरच्या उजळ कृष्णवर्णीय नटीनं केली. काम गाजलं, पण त्यानंतर हॉलिवूडला तिचं करायचं काय ते कळेना, आणि तिची सिनेमातली कारकीर्द लवकरच आटोपली. पुढे १९४९च्या 'पिंकी'त अशीच भूमिका जीन क्रेन या गोऱ्या नटीला दिली गेली. 'इमिटेशन ऑफ लाइफ' १९५९ साली पुन्हा निघाला, तेव्हा त्या मुलीची भूमिका सुझन कोनरकडे गेली. तीही कृष्णवर्णीय नव्हती. आता एलेनच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जी गोष्ट आपली, आपल्या घरादाराची, तीसुद्धा पडद्यावर दुसऱ्यांनीच जगायची. आपण तिकीट काढून बघायची.

आता मालिकांकडे वळू. 'सोप ऑपेरा' हा शब्द आपल्याकडे रुळला आहे. केबल घरात आली तेव्हा १९९०च्या दशकात 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्युटिफुल' पाहिलेली मंडळी आज ऐकत असतील. पण आकाशवाणीच्या माइकसमोर बसून हे सांगायला मला विशेष आनंद होतो, की हे बाळ टीव्हीचं नाही, रेडिओचं आहे. शिकागोमध्ये इर्ना फिलिप्स या बाईंनी १९३० साली रेडिओवर रोजची कौटुंबिक श्रुतिका सुरू केली. दुपारी घरकाम करणाऱ्या बायका ती ऐकत. मग साबण विकणाऱ्या कंपन्यांनी अशा श्रुतिकांना पैसा पुरवला आणि थट्टेनं नाव पडलं, साबणाचं संगीत नाटक. फिलिप्सबाईंची 'गायडिंग लाइट' १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ साली टीव्हीवर गेली आणि २००९ साली संपली. तब्बल ७२ वर्षं!

या फिलिप्सबाईंच्या हाताखाली ॲग्नेस निक्सन तयार झाल्या. एलेनचा लेख वाचणारी लेखिका ती हीच. निक्सनबाईंची 'वन लाइफ टू लिव्ह' ही नवी मालिका १५ जुलै १९६८ रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झाली होती. गाव काल्पनिक, नाव लॅनव्ह्यू. तोवरच्या मालिकांमधून खाऊनपिऊन सुखी गोरी कुटुंबंच दिसत. निक्सनबाईंनी लॅनव्ह्यूमध्ये श्रीमंत लॉर्ड घराण्याच्या शेजारी पोलिश कष्टकरी आणले, ज्यू आणले आणि कृष्णवर्णीयही आणले. रंग लपवून जगणाऱ्या मुलीची गोष्ट त्यांच्या डोक्यात होती. एलेनचा लेख वाचल्यावर ती मुलगी त्यांना सापडली. आणि या वेळी असं ठरलं, की ज्याची गोष्ट त्यानंच ती करायची.

साल १९६८. एप्रिलमध्ये मार्टिन लूथर किंग यांची हत्या झालेली. शहरं पेटून विझलेली. एलेनचा लेख आल्यावर दोनच दिवसांनी, १७ सप्टेंबरला एनबीसीवर डायान कॅरल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची 'ज्युलिया' सुरू झाली होती. ती होती रात्री, आठवड्यातून एकदा. एलेन आली ती दुपारी, आठवड्यातले पाच दिवस. हा फरक मोठा आहे. आठवड्यातून एकदा येतो तो पाहुणा. रोज येते ती शेजारीण.

ऑक्टोबर १९६८ मध्ये ही शेजारीण लॅनव्ह्यूमध्ये आली. नाव कार्ला बेनारी. नाव इटालियन वळणाचं, पेशा नटीचा. देखणी, थोडी उदास. डॉ. जिम क्रेग या गोऱ्या डॉक्टरशी तिची ओळख होते, पुढे लग्न ठरतं. प्रेक्षकांना काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. एलेननं 'टाइम्स'मध्ये आपली ओळख चारचौघांत सांगितली होती खरी, पण तो लेख वाचणारे वेगळे आणि दुपारी इस्त्री करता करता मालिका बघणारे वेगळे असावेत. गुपित टिकलं. काही महिने कार्ला रोज दुपारी येत राहिली. तिचं लग्न व्हावं, तिचं भलं व्हावं, असं बायकांना वाटू लागलं.

मग कथेत डॉ. प्राइस ट्रेनर आला. हा डॉक्टर कृष्णवर्णीय. कार्लाचं मन त्याच्याकडे ओढलं गेलं आणि एके दिवशी पडद्यावर दोघांनी चुंबन घेतलं. झालं! एबीसीचे टेलिफोन खणखणू लागले. गोरी बाई काळ्या पुरुषाला जवळ करते, म्हणून लोक खवळले. टेक्सासमधल्या एका केंद्रानं मालिका दाखवणंच बंद केलं.

आणि त्यानंतर उलगडा झाला. त्याच गावात राहणारी, रुग्णालयात काम करणारी सेडी ग्रे ही कृष्णवर्णीय बाई कार्लाची सख्खी आई आहे. कार्ला बेनारी हे नावच खोटं. मुलीचं खरं नाव क्लॅरा ग्रे. रंग लपवण्यासाठी तिनं आईला सोडलं होतं, आणि आई आपली मुलगी गेली असं धरून जगत होती. सेडीचं काम करणारी लिलियन हेमन ही ब्रॉडवेची गुणी गायिका-अभिनेत्री. त्याच वर्षी, १९६८ मध्ये, तिला टोनी पुरस्कार मिळाला होता.

मित्रहो, मला या ठिकाणी थोडं थांबायचं आहे. उलगडा होण्याच्या आदल्या दिवशी कार्लाचा चेहरा जो होता, तोच दुसऱ्या दिवशी होता. तेच डोळे, तेच ओठ, तोच आवाज. कॅमेऱ्यानं काही बदललं नव्हतं. बदलली ती बघणाऱ्याच्या डोक्यातली एक नोंद. ज्यांनी संतापून फोन केले, त्यांचा संताप मुळात ज्या गोष्टीवर होता, ती घडलीच नव्हती. गोऱ्या बाईनं काळ्या पुरुषाला जवळ केलंच नव्हतं. दोघंही कृष्णवर्णीयच होते. मग राग कशाचा होता? ज्यांनी काही महिने कार्लावर माया केली, त्यांच्यापुढे तर आणखी अवघड प्रश्न होता. काल जिच्या सुखासाठी आपण देव पाण्यात ठेवले, ती आज परकी कशी झाली? निक्सनबाईंनी कुणाला उपदेश केला नाही. आधी माया लावली, मग नाव सांगितलं. क्रम तेवढा बदलला.

हा क्रम मला जवळचा वाटतो, याला कारण आहे. मी मराठीत कविता लिहितो. नाव मुसलमानी. एका कविसंमेलनात निवेदकानं माझं नाव वाचलं आणि कविता न बघताच जाहीर केलं, 'आता एक उर्दू गझल ऐकू या.' मी खिशातून ओवीच्या चालीवरची कविता काढली. आईच्या जात्यावर ऐकलेली ती चाल. कविता झाल्यावर एक सज्जन आले, प्रेमानं हात हातात घेऊन म्हणाले, 'काय सुंदर मराठी हो तुमचं! तुम्ही ते वाटतच नाही.' मी हसलो. काय बोलणार? पुढे एकदा नात्यातल्या लग्नात एका बुजुर्गांनी विचारलं, 'क्यूं मियां, सुना है अब तुम पूरे मराठी हो गये?' मी तिथंही हसलो. माझ्या वाट्याला आलं ते दोन वाक्यांचं बोचणं. एलेनच्या वाट्याला रोजीरोटीचा नकार आला. दोन्हींची तुलना मी करत नाही. पण 'टाइम्स'मधला तो मथळा मला समजावून सांगावा लागला नाही, एवढंच.

कार्ला लॅनव्ह्यूमध्येच राहिली. आईच्या घरी परतली, आपल्या नावानं जगू लागली. मालिकेत १९७३ साली तिचं एड हॉल या पोलीस अधिकाऱ्याशी लग्न झालं. ती भूमिका अल फ्रीमन ज्युनिअर यांची. पुढे १९७९ साली त्यांना दुपारच्या मालिकांसाठीचा एमी पुरस्कार मिळाला. प्रमुख अभिनेत्याचा हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. कार्ला आणि एडनं जॉश नावाचा मुलगा दत्तक घेतला. जॉश झालेला पोरगा म्हणजे लॉरेन्स फिशबर्न, 'मेट्रिक्स' सिनेमामुळे पुढे जगभर ओळखला गेलेला नट. दुपारच्या मालिकेत एक कृष्णवर्णीय कुटुंब रोज जेवत होतं, भांडत होतं, मुलाला शिस्त लावत होतं. साधी गोष्ट वाटते ना? ती आधी कुणी दाखवली नव्हती.

या धबडग्यातही एलेननं नाटक सोडलं नाही. १९७३च्या उन्हाळ्यात पॅप यांच्या 'किंग लिअर'मध्ये ती रीगन झाली. लिअर होते जेम्स अर्ल जोन्स. या प्रयोगाचं चित्रण टीव्हीवरूनही दाखवलं गेलं. दिवसा कार्ला, रात्री रीगन. आईकडे परतलेली मुलगी आणि बापाला वादळात घालवणारी मुलगी, दोन्ही एकाच बाईनं पेलल्या.

इथपर्यंत ही गोष्ट विजयाची वाटते. पण उरलेली गोष्ट एलेननं स्वतःच सांगितली आहे. १९९६ साली तिचं आत्मचरित्र आलं. ज्या मालिकेला आपल्या गोष्टीनं नाव आणि प्रेक्षक मिळवून दिले, तिथं आपल्याला गोऱ्या सहकलाकारांच्या मानानं फार कमी पैसे दिले गेले, असं तिनं त्यात लिहिलं. १९८० साली ती मालिकेतून बाहेर पडली. १९८३ मध्ये परतली, तेव्हा कार्ला वकील झाली होती. १९८५ साली तिला पुन्हा जावं लागलं, आणि ते जाणं तिच्या राजीखुशीचं नव्हतं. नंतर वर्षभरात सेडीही गेली. कहाणीत आईलेकींची भेट झाली तेव्हा सारी अमेरिका रडली होती. त्या दोघींना निरोप देताना कुणी फारसं थांबलं नाही.

म्हणजे बघा, पडद्यावर तिला जागा मिळाली, पण पगारपत्रकावर तिचा रंग शिल्लकच होता. भूमिका देणं सोपं असतं. बरोबरीचा मेहनताना देणं अवघड. एखाद्याला व्यासपीठावर बोलावून हार घातला म्हणजे आपण मोकळे, असं समजणाऱ्या सगळ्यांनीच हे लक्षात ठेवावं असं आहे.

मालिका सुटल्यावर स्पाइक ली यांच्या १९८८च्या 'स्कूल डेझ' या सिनेमात ती दिसली. योगायोग कसा असतो पाहा. कृष्णवर्णीय मुलामुलींच्या कॉलेजात उजळ रंगाचे आणि गडद रंगाचे यांच्यात जे हेवेदावे चालतात, त्यावर हा सिनेमा. एलेनचा १९६८चा प्रश्न वीस वर्षांनी घरातल्या भांडणाच्या रूपानं पडद्यावर आला होता. मग काही वर्षं तिनं 'गायडिंग लाइट'मध्ये न्यायाधीशाची भूमिका केली. रेडिओवर जन्मलेली, फिलिप्सबाईंची ती हीच मालिका.

आणि मग या बाईनं काय केलं असेल? न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्स गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी धरली. वय साठीच्या पुढे. जिचा चेहरा एकेकाळी रोज दुपारी लाखो घरांत दिसायचा, ती आता वाचकांना पुस्तकं देत होती. कुणाला ही घसरण वाटेल. मला तसं वाटत नाही. ग्रंथालयाच्या टेबलाशी येणारा माणूस पुस्तक कुठं आहे, एवढंच विचारतो. तुम्ही किती काळ्या, असं विचारत नाही.

६ डिसेंबर २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एलेन हॉली वारली. वय ९२. निक्सनबाई त्याआधीच, २०१६ साली गेल्या होत्या. 'वन लाइफ टू लिव्ह' एबीसीवरून जानेवारी २०१२ मध्ये संपली. त्या काळी फीत महाग असायची, म्हणून वाहिन्या जुनं पुसून त्याच फितीवर नवं चित्रण करत. या मालिकेच्या सुरुवातीच्या काळातले बहुतेक भाग असेच पुसले गेले. रेडिओवर बोलणाऱ्याला याचं नवल नाही. आमचे शब्दही हवेत जातात. पण पुसलेल्या फितीतलं काहीतरी माणसांत उरत असावं. कार्लाचं नाव कळण्याआधी जिनं तिच्यावर माया केली, अशी एखादी आजी अमेरिकेच्या कुठल्याशा गावात आजही असेल. तिला जर कुणी विचारलं, की ती मुलगी काळी होती की गोरी, तर मला वाटतं, ती आधी सांगेल, 'फार गुणी होती हो.' रंगाचं तिला नंतर आठवेल.